दीडशे कोटींचे इंग्रजी

(डेव्हिड क्रिस्टल यांच्या ‘इंग्लिश ॲज अ ग्लोबल लँग्वेज’ या पुस्तकाच्या निमित्ताने)

आपल्या मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात जेवणाची दुसरी पंगत आटोपली आणि मंडळी जरा सैलावून बसली, की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले असे : “आता काय, जगात कुठेही जा, इंग्रजी सगळ्यांनाच येते.” दुसरे त्याचे बोट धरून येते : “मग रविवारी सकाळी मुलांना उठवून मराठी शाळेत कशाला न्यायचे?” दुसऱ्या वाक्यावर आपण आजवर पुष्कळ भांडलो आहोत. पहिल्याची झडती मात्र कोणी घेत नाही, कारण ते सर्वांना उघड सत्य वाटते. या लेखात मला त्या पहिल्या वाक्याचीच झडती घ्यायची आहे.

मी व्यवसायाने संख्याशास्त्रज्ञ. प्रश्नावलीतला एक शब्द बदलला तर उत्तरे किती बदलतात हे मोजण्यावर गेली कित्येक वर्षे माझे घर चालले आहे. त्यामुळे “सगळ्यांनाच” हा शब्द ऐकला की मी सवयीने विचारतो : किती जणांना? कोणी मोजले? काय विचारून मोजले? इंग्रजीच्या बाबतीत या प्रश्नांचा माग काढत गेले की माणूस बहुधा एकाच पुस्तकापाशी येऊन थांबतो. १९९७ साली केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने काढलेले आणि २००३ साली सुधारून पुन्हा छापलेले क्रिस्टल यांचे हे छोटेखानी पुस्तक. “जगातल्या चौघांपैकी एकाला इंग्रजी येते” आणि “इंग्रजी जाणणारे दीडशे कोटी” ही वाक्ये वर्तमानपत्रांत, भाषणांत आणि शिकवणी-वर्गांच्या जाहिरातींत फिरत असतात. त्यांचे कुलवृत्तांत तपासले तर मूळ पुरुष म्हणून बहुतेक वेळा हेच पुस्तक निघते.

आधी पुस्तकाला त्याचे श्रेय देऊ. क्रिस्टल हे भाषाशास्त्र सामान्य माणसाला समजेल अशा शब्दांत सांगणारे थोर लेखक. जन्म उत्तर आयर्लंडमधला, बालपण वेल्समधल्या होलीहेड बंदरातले. म्हणजे मोठ्या भाषेच्या सावलीत छोटी भाषा कशी जगते हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. २००० साली त्यांनी ‘लँग्वेज डेथ’ हे भाषांच्या मरणावरचे पुस्तक लिहिले, आणि ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत असा त्यांचा एकंदर सूर आहे. सर्वांना समजणारी एक भाषा असावी आणि प्रत्येकाची आपली भाषाही टिकावी, अशा दोन्ही गोष्टी त्यांना मनापासून हव्या आहेत.

पुस्तकाची मांडणीही नेटकी आहे. इंग्रजी जगभर पसरली ती तिचे व्याकरण सोपे म्हणून किंवा शब्दसंग्रह मोठा म्हणून नव्हे, हे ते सुरुवातीलाच ठणकावून सांगतात. भाषा पसरते ती बोलणाऱ्यांच्या सत्तेमुळे. आधी फौज, मग व्यापार, मग यंत्र, मग पैसा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटन आणि विसाव्या शतकात अमेरिका अशा लागोपाठ दोन महासत्ता एकाच भाषेच्या निघाल्या, हे इंग्रजीच्या यशाचे मर्म. लॅटिनची मोडणी कठीण होती तरी ती युरोपभर चाललीच की! आपल्याकडे फारसीने शिवकाळापर्यंत दरबार व्यापला होता, तो काही तिच्या गोडव्यामुळे नाही. ही प्रकरणे वाचताना मराठी वाचकाला जागोजागी आपली उदाहरणे आठवत राहतील.

या पुस्तकाचा जन्म कसा झाला तेही सांगायला हवे, आणि ते खुद्द लेखकानेच प्रस्तावनेत प्रांजळपणे सांगितले आहे. मूळ सूचना मॉरो मुहिका यांची. मुहिका म्हणजे ‘यू. एस. इंग्लिश’ या संस्थेचे अध्यक्ष. इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा करावी म्हणून १९८३ पासून चळवळ करणारी ही संस्था. लिखाणावर कोणाचेही दडपण नव्हते असे क्रिस्टल सांगतात, आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण दिसत नाही. पण पाहणीचा अहवाल हातात आला की ती कोणाच्या सांगण्यावरून झाली हे आम्ही आधी बघतो. तो आमच्या धंद्याचा शिरस्ता.

आता आकड्यांकडे वळू.

पुस्तकाच्या मध्यभागी एक लांबलचक तक्ता आहे. ज्या पंच्याहत्तरएक देश-प्रदेशांत इंग्रजीला काही खास स्थान आहे, त्यांची यादी आणि प्रत्येकापुढे दोन रकाने : इंग्रजी मातृभाषा असणारे किती, आणि दुसरी भाषा म्हणून वापरणारे किती. १९९७ च्या आवृत्तीत दुसऱ्या रकान्याची बेरीज सुमारे साडेतेवीस कोटी होती. २००३ च्या आवृत्तीत ती त्रेचाळीस कोटी झाली. सहा वर्षांत एकोणीस-वीस कोटी माणसे वाढली! मातृभाषिकांचा रकाना मात्र तेहतीस कोटींच्या आसपासच रेंगाळत होता. म्हणजे सगळी भरारी दुसऱ्या भाषेच्या रकान्याची.

ही भरारी कुठे घडली हे पाहायला मी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. पहिल्या आवृत्तीत भारतापुढे ३ कोटी ७० लाख हा आकडा आहे. दुसऱ्या आवृत्तीत २० कोटी. एकट्या भारताच्या ओळीत सोळा कोटींहून अधिक वाढ! जगाच्या त्या सगळ्या वाढीचा जवळजवळ पाच-षष्ठांश भाग या एका ओळीत आहे.

सहा वर्षांत सोळा कोटी भारतीय इंग्रजी शिकले काय? मुळीच नाही. बदलला तो अंदाज. पूर्वीचा आकडा लोकसंख्येच्या तीन-चार टक्के धरून काढलेला होता. मग १९९७ साली ‘इंडिया टुडे’ची एक पाहणी आली आणि तिच्यात जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी आपण इंग्रजीत संभाषण करू शकतो असे सांगितल्याचे निघाले. क्रिस्टल यांनी ते सगळे उचलले नाही. मधला आकडा धरला. तरीही लोकांनी स्वतःबद्दल दिलेल्या एका उत्तरावर जगाच्या इंग्रजीचे चित्र बदलून गेले.

ज्या देशांची कसलीच माहिती नाही, तिथे लेखकाने आणखी एक युक्ती केली आहे. इंग्रजी अधिकृत असलेल्या देशात पंचवीस वर्षांवरील किती लोकांनी माध्यमिक शिक्षण पुरे केले ते बघायचे, आणि तितक्यांना इंग्रजी येते असे धरून चालायचे. ही युक्ती त्यांनी लपवलेली नाही. पण आपल्यापैकी जे मराठी माध्यमातून अकरावी किंवा दहावी झाले, त्यांनी आपापल्या वर्गाचा फोटो डोळ्यांसमोर आणावा. इंग्रजीच्या पेपरात पस्तीस मार्क मिळवून वरच्या वर्गात गेलेल्या त्या साऱ्या बंधुभगिनी या हिशेबाने इंग्रजी-भाषिक ठरतात! याशिवाय जमैकाची पात्वा, पापुआ न्यू गिनीची टोक पिसिन अशा इंग्रजीपासून उपजलेल्या भाषांचे लोकही तक्त्यात येतात. टोक पिसिन ही आज स्वतंत्र भाषा आहे. ती नुसती ऐकून आपल्याला वाक्याचा अर्थ लागणार नाही.

क्रिस्टल यांच्या वेळी उपलब्ध नव्हती अशी एक मोजणी आता आपल्या हाताशी आहे, ती म्हणजे भारताची जनगणना. २००१ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून सांगणारे सगळे मिळून साडेबारा कोटी निघाले. २० कोटी नव्हेत. २०११ मध्ये हा आकडा १२ कोटी ९४ लाख झाला. मधल्या दहा वर्षांत गल्लोगल्ली इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या. तरी लोकसंख्येतले इंग्रजी जाणणाऱ्यांचे प्रमाण १२.२ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले! याच २०११ च्या जनगणनेतला एक योगायोग मला फार गमतीचा वाटतो. मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख, आणि साऱ्या भारतात इंग्रजी दुसरी भाषा म्हणून सांगणारे ८ कोटी ३१ लाख. आपल्या एका भाषेची घरची माणसे आणि अखंड भारतातली इंग्रजीची ही पाहुणे मंडळी संख्येने जवळपास सारखीच.

जनगणनेचे आकडेही डोळे मिटून घेऊ नयेत. तिच्यात मातृभाषेखेरीज दोनच भाषा नोंदता येतात. गोव्यात कोंकणी मातृभाषा असलेल्या, आणि मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही येणाऱ्या माणसाची एक भाषा गळतेच. ती इंग्रजीही असू शकते. शिवाय किती येते हे जनगणना विचारतच नाही. ते विचारणारी एक मोठी पाहणी भारतात २००५ साली झाली. तिच्यात तीन पर्याय होते : अजिबात येत नाही, थोडे येते, अस्खलित येते. प्रौढांपैकी सुमारे सोळा टक्के “थोडे” या पायरीवर होते आणि “अस्खलित” या पायरीवर जेमतेम चार टक्के. आता पाहा : भारतात इंग्रजी किती जणांना येते? चार टक्के, अकरा टक्के, वीस टक्के, तेहतीस टक्के. चारही उत्तरे खरी आहेत. प्रत्येक वेळी प्रश्न वेगळा होता, इतकेच.

आपल्या मराठीतले “येणे” हे क्रियापद या गोंधळाची सारी किल्ली आहे असे मला वाटते. मला पोहता येते, तिला पुरणपोळ्या येतात, त्याला इंग्रजी येते. विहिरीत काठाकाठाने हातपाय मारणाऱ्यालाही पोहता येते आणि खाडी पार करणाऱ्यालाही येते. रोजच्या बोलण्यात हे चालून जाते. पण ज्या क्षेत्रात चूक झाली तर माणसे मरतात, तिथे ते चालवून घेतलेले नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीजवळ चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक अशी दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे गेली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते, आणि त्या वैमानिकांना नियंत्रकाचे इंग्रजी नीट कळत होते का, हा प्रश्न पुढे आला. अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या ठरवल्या आणि मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान चौथी पायरी बंधनकारक झाली. वैमानिकाला आज कोणी “इंग्रजी येते का?” असे विचारत नाही. “कितवी पायरी?” असे विचारतात. क्रिस्टल यांनी आकाशातल्या आणि समुद्रावरच्या या खास इंग्रजीवर चांगली पाने लिहिली आहेत. ती इंग्रजीच्या विजयाचा पुरावा म्हणून येतात. तीच पाने मोजणीच्या अडचणीचाही पुरावा आहेत, हे मात्र लेखकाच्या नजरेतून निसटते.

दीडशे कोटी हा मोठा आकडा अशा वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या लोकांना एकत्र करून बनला आहे. तोही जुना झाला. जगाची लोकसंख्या सहाशे कोटी होती तेव्हा दीडशे कोटी म्हणजे एक चतुर्थांश. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपण आठशे कोटी ओलांडले. आजचे बरेच अंदाज दीडशे कोटींच्याच आसपास आहेत, म्हणजे पाचातला एकही धड नाही! तरी भाषणांत अजून “चौघांपैकी एक” चालूच आहे. क्रिस्टल यांच्या बाजूने हे सांगितलेच पाहिजे की चौघांपैकी एकाला येते म्हणजे तिघांना येत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे आणि इंग्रजी सर्वत्र पोचल्याच्या बढायांना आवर घाला असेही बजावले आहे. पण लोक मथळा पाठ करतात आणि तळटीप विसरतात.

पुस्तकातले “का” हे प्रकरण मला जास्त खटकते. सत्ता हे कारण सांगितल्यावर लेखक हळूच एका सौम्य चित्राकडे वळतो : इंग्रजी ही प्रत्येक वेळी नेमक्या ठिकाणी नेमक्या वेळी हजर होती. जणू एस. टी. स्टँडवर आपण पोचावे आणि गाडी फलाटाला लागलेलीच असावी! २ फेब्रुवारी १८३५ चे मेकॉलेचे टिपण हे काही नशिबाने घडले नव्हते. कोणाच्या शिक्षणावर सरकारी पैसा खर्च करायचा आणि कोणत्या भाषेतून, याचा तो निर्णय होता. १९९२ साली ‘लिंग्विस्टिक इम्पीरिअॅलिझम’ लिहिणारे रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९९ मध्ये क्रिस्टल यांच्या पुस्तकाचे कडक परीक्षण केले ते याच मुद्द्यावर. फिलिप्सन हे पूर्वी ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम केलेले, नंतर डेन्मार्कमध्ये प्राध्यापक झालेले गृहस्थ. म्हणजे घरचाच भेदी.

त्यांच्या पुस्तकाचा गाभा १९६१ साली युगांडात मकेरेरे येथे भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेविषयीचा आहे. इंग्रजी कशी शिकवावी याची पाच सूत्रे तिथून जगभर गेली, असे ते दाखवतात. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी. आदर्श शिक्षक म्हणजे इंग्रजी मातृभाषा असणारा. जितक्या लवकर सुरू तितके बरे. जितकी जास्त कानावर पडेल तितके बरे. आणि इतर भाषा फार वापरल्या तर इंग्रजी खालावेल. फिलिप्सन या पाचांनाही भ्रम म्हणतात. मला त्यांतला पाचवा चांगला परिचयाचा आहे. आमची मुलगी बालवर्गात असताना तिच्या शिक्षिकेने मोठ्या प्रेमाने आम्हाला सल्ला दिला होता, “घरीही इंग्रजीच बोलत चला, म्हणजे ती गोंधळणार नाही.” आम्ही घरी मराठीच बोलत राहिलो. मुलगी काही गोंधळली नाही. मकेरेरेच्या त्या सभागृहातले एक सूत्र चाळीस वर्षांनी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत कसे पोचले, हे मला फिलिप्सन वाचल्यावर कळले.

आणि हे निर्णय आजही सरकारे घेतच आहेत. रवांडाने २००८ साली शाळांचे माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर नेण्याचे ठरवले, तेव्हा पुष्कळ शिक्षकांनाच इंग्रजी येत नव्हते. मलेशियाने २००३ मध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली आणि २०१२ पासून ते मागे घेण्यास सुरुवात केली. भाषा गाडीसारखी आपोआप येऊन उभी राहत नाही. कोणीतरी तिचे वेळापत्रक आखते, आणि काहींची गाडी चुकते.

तरीही फिलिप्सन यांच्या पंगतीला मी पूर्ण जेवू शकत नाही. त्यांच्या चित्रात इंग्रजी लादणारे दिसतात, मागणारे दिसत नाहीत. मागणाऱ्यांचा इतिहास तर आपल्या घरचा आहे. इंग्रजीला “वाघिणीचे दूध” म्हटल्याचे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितले जाते. १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्ये सावित्रीबाई फुले यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले आहे. ज्यांना संस्कृतची दारे बंद होती, त्यांना इंग्रजीचे दार अर्धे का होईना उघडे दिसले, म्हणून त्यांनी ते ढकलले. २०१० साली उत्तर प्रदेशातल्या बांका नावाच्या खेड्यात दलितांनी इंग्रजी देवीचे देऊळ बांधायला घेतले. त्यांना साम्राज्यवादाचे बळी म्हणून मोकळे व्हायचे का? वर सांगितलेल्या २००५ च्या पाहणीच्याच आकड्यांवरून तिघा अर्थतज्ज्ञांनी काढलेला निष्कर्ष असा, की अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाची तासाची कमाई अजिबात न बोलणाऱ्यापेक्षा सरासरी ३४ टक्क्यांनी जास्त, आणि थोडे बोलणाऱ्याची १३ टक्क्यांनी. हे बांकाच्या माणसाला कोणत्याही अर्थतज्ज्ञाआधी ठाऊक होते. आणि आपण तरी इथे कसे आलो? वाघिणीचे दूध पिऊनच ना?

म्हणून माझे मत असे : क्रिस्टल यांना इंग्रजीचा विस्तार दिसतो, तिची किंमत कमी दिसते. फिलिप्सन यांना किंमत दिसते, भूक दिसत नाही. आणि दोघांच्याही पुस्तकात ती मधली पायरी, “थोडे येते” असे म्हणणारा माणूस, जवळजवळ कुठेच बोलत नाही. जगातले बहुतेक इंग्रजी तर याच पायरीवर उभे आहे.

या पायरीवरचे एक माणूस आमच्या घरात होते. माझी आई. सातारा जिल्ह्यात तीस वर्षे प्राथमिक शिक्षिका. मॅट्रिकला इंग्रजी घेऊन पास. ग्रीन कार्डावर आमच्याकडे आली तेव्हा सत्तरीच्या पुढे. दुकानातल्या पाट्या वाचायची, शेजारणीला “गुड मॉर्निंग” म्हणायची, नातवंडांच्या शाळेतली पत्रके शब्दकोश घेऊन लावायची. एके रात्री तिच्या पोटात दुखू लागले म्हणून तिला जवळच्या इस्पितळात नेले. मी गाडी लावून येईपर्यंत नर्सने तिला विचारले होते, “इंग्लिश?” आणि आईने शिक्षिकेच्या ताठपणाने उत्तर दिले होते, “येस.” चौकटीत खूण झाली. त्यानंतर कोणी दुभाष्या बोलावला नाही, आणि मी दुभाष्याची मागणी केली तर “नोंदीत इंग्रजी आहे” असे उत्तर मिळाले. दुखणे एक ते दहामध्ये किती, असे विचारल्यावर आई म्हणाली, “फोर.” कण्हणे हे तिच्या पिढीत बेशिस्तीचे लक्षण होते. नोंद झाली : किरकोळ त्रास. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आपण होऊन फोनवर मराठी दुभाषी मागवली, आणि आई बोलू लागली. नुसते दुखत नाही, कळा येताहेत. थांबून थांबून येतात. उजव्या बरगडीखालून निघून पाठीत जातात. मध्ये ठणका राहतो. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे पित्ताशयातल्या खड्यांची शंका घेतली आणि ती खरी निघाली.

कळ, चमक, ठणका, ठुसठुस, शिवशिव, चुरचुर, वांब. दुखण्याला आपल्याकडे इतके शब्द आहेत, आणि आईच्या इंग्रजीत एकच होता : पेन. क्रिस्टल यांच्या तक्त्यात, भारताच्या त्या वीस कोटींमध्ये, माझी आई नक्की मोजली गेली असती. जनगणनेतही तिने इंग्रजी सांगितली असती. त्यात खोटे काहीच नव्हते. तिला इंग्रजी येत होती. आपले दुखणे सांगण्याइतकी येत नव्हती.

हा प्रश्न आपल्या घरापुरता नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या २०१९ च्या पाहणीप्रमाणे या देशात सुमारे पावणेसात कोटी लोक घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतात, म्हणजे पाचांतला एक. त्यांतल्या अडीच कोटींच्या आसपास लोकांनी आपले इंग्रजी “फार चांगले” या पायरीच्या खाली सांगितले. जगात इंग्रजीचे सर्वांत मोठे घर ज्या देशात, तिथली ही गोष्ट! (ज्यांच्या घरी फक्त इंग्रजी बोलतात त्यांना किती चांगले येते हे विचारतच नाहीत. ते गृहीत धरले जाते. कामावर त्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचणाऱ्यांना यावर काही म्हणायचे असेल. असो.)

ऑगस्ट २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी एक आदेश काढून, इंग्रजी कमी येणाऱ्यांना सरकारी सेवा समजतील अशा रीतीने देण्याची जबाबदारी संघराज्याच्या खात्यांवर टाकली होती. १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा जाहीर केले आणि त्याच आदेशाने २००० चा तो आदेश रद्द केला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार अजून आहे. ज्या चळवळीच्या सूचनेवरून आपले हे पुस्तक निघाले, तिचे चाळीस वर्षांचे म्हणणे असे मान्य झाले. क्रिस्टल यांना हे हवे होते असे मी म्हणणार नाही. “सगळ्यांनाच इंग्रजी येते” हे वाक्य जेवणाच्या पंगतीतून उठून सरकारी कचेरीत जाऊन बसले, की दुभाष्याची खुर्ची पहिल्यांदा रिकामी होते, एवढेच मी म्हणतो.

आता ते रविवार सकाळचे दुसरे वाक्य. डेव्हिड ग्रॅडॉल यांनी ब्रिटिश कौन्सिलसाठी लिहिलेल्या अहवालांत, विशेषतः २००६ च्या ‘इंग्लिश नेक्स्ट’मध्ये, एक उलटा इशारा आहे. इंग्रजी जितकी पसरेल तितके नुसती इंग्रजी येण्याचे मोल घटेल. ज्याला तीच एक भाषा येते, तो दोन-तीन भाषा जाणणाऱ्याच्या मागे पडेल. म्हणजे “सगळ्यांना इंग्रजी येते” हे खरे मानले, तरी त्यातून मराठी सोडण्याचा निष्कर्ष निघत नाही. निघालाच तर उलटा निघतो. आणि सोडायला किती वेळ लागतो ते सिंगापूरच्या जनगणनेने दाखवले आहे. घरी मुख्यतः इंग्रजी बोलणारे २०१० मध्ये ३२.३ टक्के होते, ते २०२० मध्ये ४८.३ टक्के झाले. तिथे तर चिनी, मलय आणि तमिळ शाळेत सक्तीने शिकवतात, सरकार त्यावर पैसा ओतते. आपल्याकडे काय आहे? भाड्याचे चर्चचे तळघर, चार उत्साही माता, आणि मुळाक्षरांचे तक्ते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला याचा आनंद आपण सर्वांनी पेढे वाटून साजरा केला. दर्जा दिल्लीहून येऊ शकतो. “कळ” आणि “ठणका” यांतला फरक घरातूनच यावा लागतो.

क्रिस्टल यांचे पुस्तक अवश्य वाचा. भाषांतर नको, मूळच वाचा. त्यांचे इंग्रजी प्रसन्न आहे. इतिहासाची प्रकरणे विश्वासाने वाचा, तक्ता पेन्सिल हातात घेऊन वाचा, आणि भविष्यावरचे शेवटचे प्रकरण शेजारी फिलिप्सन व ग्रॅडॉल ठेवून वाचा. आणि आणखी एक विनंती, जिला पुस्तकाची गरज नाही. पुढच्या वेळी आईवडिलांना, सासूसासऱ्यांना डॉक्टरकडे न्याल, तेव्हा अर्जावरच्या भाषेच्या चौकटीत त्यांना विचारून “मराठी” लिहा. ते “अरे, मला येते थोडे इंग्रजी” म्हणतील, आणि ते खरेही असेल. तरीही लिहा.